जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतले कंडेन्सर: सगळे बदलायचे, की चालतोय तोवर हात लावायचा नाही?

कृष्णाकाठ
सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. साठच्या दशकातला, लाकडी कॅबिनेट, पुढे हिरवा डोळा. कराडच्या घरी माळ्यावर होता, दिवाळीच्या साफसफाईत खाली काढला. लावला तर चक्क चालला. रात्री मध्यम लहरींवर चार-पाच स्टेशनं लागतात. पण दोन तक्रारी आहेत. लावल्यापासून मागे एक गुणगुण असते, आवाज पूर्ण कमी केला तरी जात नाही. आणि पंधरा-वीस मिनिटांनी आवाज फाटायला लागतो. बंद करून थंड होऊ दिला की पुन्हा ठीक.

दोन मेकॅनिकना दाखवला. एक म्हणाला, "साठ वर्षांचा माल आहे, आतले सगळे कंडेन्सर काढून नवे टाकू." दुसरा म्हणाला, "वहिनी, चालू सेटला हात लावू नका, एक काढाल तर दुसरं बिघडेल." दोघंही अनुभवी आहेत, म्हणून जास्तच गोंधळ झालाय. कंडेन्सर म्हणजे आतले वीज साठवणारे छोटे भाग, एवढंच मला ठाऊक.

सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना रोज संध्याकाळी तासभर यावर ऐकायचंय. त्यामुळे शोकेसमध्ये ठेवणं हा पर्याय नाही. घरात सत्तरच्या दशकातला एक ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ अॅम्प्लिफायरही आहे, तो व्यवस्थित वाजतो. त्याचेही कंडेन्सर बदलायचे का?

पोटभर_पोहे
फोटो टाका की! हिरवा डोळा म्हटल्यावर राहवत नाही.

जुनंतेसोनं
दुसऱ्या मेकॅनिकचं ऐका. मी जुने सेट जमवतो. बाजारात आता निम्मे सेट असे मिळतात, की वरून देखणे आणि चेसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) उलटी केली की आत निळे-पिवळे नवे कंडेन्सर. मूळ मेणाचे, कंपनीची अक्षरं असलेले सगळे कचऱ्यात गेलेले असतात. सेटचा इतिहास त्या भागांतच असतो. एकदा काढलेलं परत येत नाही. गुणगुण थोडी असणारच, त्या काळीही असायची.

डागवाला
@कृष्णाकाठ, आधी सेट लावणं बंद करा. घाबरवत नाही, पण दुसऱ्या तक्रारीचं लक्षण ओळखीचं आहे आणि ते वाट बघत नाही. मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हवरचे नंबर सांगता का? प्लग काढूनच बघा, आणि चेसिसच्या खालच्या बाजूला हात घालू नका.

कृष्णाकाठ
मुलाने टॉर्च मारून वाचले: ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८०. डोळ्याचा नंबर पुसलाय. ईएल८४ च्या काचेवर वरच्या बाजूला एक चंदेरी डाग आहे, तो वाईट का?

डागवाला
चंदेरी डाग चांगला. तो पांढरा पडला तर आत हवा गेली असं समजायचं.

सगळे नंबर 'ई'ने सुरू होतात, म्हणजे तुमच्या सेटला मेन्स ट्रान्सफॉर्मर असणार. 'यू'ने सुरू होणारे, यूएल८४ वगैरे असते तर चेसिस थेट मेन्सला जोडलेली असण्याचा संभव होता. प्लग उलटा बसला की सगळा पत्रा फेजवर. तसले सेट घरी उघडूच नयेत.

आता आवाज फाटण्याबद्दल. ईबीसी८१ आवाज थोडा मोठा करतो आणि ईएल८४ कडे देतो. दोघांच्या मध्ये एक छोटा कंडेन्सर असतो, बहुतेक ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा, त्याला कपलिंग म्हणतात. त्याच्या एका टोकाला शंभर-एक व्होल्ट डीसी, दुसऱ्या टोकाला ईएल८४ ची ग्रिड (करंट किती वाहू द्यायचा ते ठरवणारी आतली जाळी), जिथे डीसी शून्य असायला हवा. आवाज पलीकडे सोडायचा आणि डीसी अडवायचा, एवढंच त्याचं काम. त्या काळचे हे कंडेन्सर कागद आणि मेणाचे. आपल्याकडचे पावसाळे काढून कागदात ओल शिरते आणि डीसी झिरपायला लागतो. ग्रिड पॉझिटिव्ह होते, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, तापतो, तापला की गळती आणखी वाढते. म्हणून पंधरा-वीस मिनिटं लागतात.

ईएल८४ ची प्लेट (करंट जिथे येऊन पोचतो तो आतला पत्रा) १२ वॉटसाठी केलेली आहे. २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपला, म्हणजे नेहमीच्या चालण्यातच, ते १२ वॉट पूर्ण होतात. वर जागाच नाही. पुढे व्हॉल्व्ह जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जळते. व्हॉल्व्ह अजून मिळतो. तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा माणूस शोधावा लागतो.

ओहम_शांती
डागवाल्यांशी सहमत, थोडी आकडेमोड जोडतो. मेकॅनिक मल्टिमीटर लावून "कंडेन्सर ओके आहे" म्हणतात तिथे फसगत होते. ग्रिडपासून चेसिसला समजा ४७० किलोओहमचा रेझिस्टर आहे. ग्रिडवर १ व्होल्ट यायला जेमतेम २ मायक्रोअँप पुरतात. कंडेन्सरवर १०० व्होल्ट असतील तर त्याचा गळतीचा रोध झाला साधारण ५० मेगाओहम. साधा मीटर तिथवर मोजतच नाही, आणि मोजतो तेही दोन-तीन व्होल्ट देऊन. कपॅसिटी बरोबर दाखवेल, कंडेन्सर तरी खराब. त्याची परीक्षा पूर्ण व्होल्टेजवर, सेटमध्येच व्हायला हवी.

पोटभर_पोहे
पंधरा-वीस मिनिटांनी आवाज फाटणारे आमच्या सोसायटीच्या सभेतही आहेत. त्यांचा कपलिंग कंडेन्सर कुठे असतो? :)

षड्जपंचम
गुणगुण कुठल्या स्वराची आहे ते ऐकलंत का? गंमत म्हणून विचारत नाहीये. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ. ईझेड८० हा रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह. तो दोन्ही अर्ध्या लाटा सरळ करतो, म्हणून फिल्टर (त्या डीसीतली लहर सपाट करणारा कंडेन्सर) कमजोर झाला की १०० हर्ट्झ ऐकू येतो. पांढरी एकचा मंद्र पंचम ९८ हर्ट्झ आहे. पेटीवर तो धरा आणि रेडिओशी ताडून बघा. तिथेच जुळलं तर फिल्टर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. त्याच्याही खाली एक सप्तक, अगदी खर्जात असेल, तर तो ५० चा आहे आणि कारण वेगळं: फिलामेंटची वायर, अर्थिंग, सुटलेला सोल्डरचा डाग असं काही.

कृष्णाकाठ
@षड्जपंचम, सासऱ्यांची पेटी आहे घरी! डागवाल्यांनी बंद ठेवायला सांगितलंय, पण दोन मिनिटं लावून बघितला, चालेल ना? सासऱ्यांनी स्वतः पेटी धरली. पंचमाच्या अगदी जवळ, किंचित चढा. खाली थोडा खर्जही आहे म्हणतात, पण बारीक.

षड्जपंचम
किंचित चढाच यायला हवा, ९८ आणि १००. सासऱ्यांच्या कानाला नमस्कार सांगा.

डागवाला
दोन मिनिटं ठीक. आता थांबा.

जुनंतेसोनं
म्हणजे शेवटी निष्कर्ष "सगळे बदला" हाच ना? मी तेच म्हणत होतो की हे असं सुरू होतं.

डागवाला
नाही, अजिबात नाही. "सगळे बदला" म्हणणाऱ्याशी माझं भांडण तुमच्याइतकंच आहे. कंडेन्सर कशाचा आहे आणि कुठे बसलाय, या दोन प्रश्नांवर ठरतं. वय सगळ्यांचं सारखंच असतं.

चपटे, चॉकलेटी मायकाचे: हात लावू नका. ते ट्यूनिंगच्या भागात असतात, आयएफ कॅनच्या (ट्यूनिंगच्या कॉइल झाकणाऱ्या पत्र्याच्या डब्यांच्या) आतही असतात. साठ वर्षांनंतरही बहुतेक बरोबर निघतात, आणि बदलायच्या नादात अलाइनमेंट हलते. मग स्टेशनं डायलवर भलतीकडे लागतात. सिरॅमिकच्या चकत्या: राहू द्या. मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टरचे असतील तर ते आजच्या नव्यांइतकेच चांगले असतात. ते काढणारा मेकॅनिक बघितला की मला त्रास होतो.

कागद-मेणाचे, किंवा काळ्या-तपकिरी डांबरासारख्या आवरणातले: यांच्यावर विश्वास नाही. त्यातही क्रम असतो. आउटपुटच्या ग्रिडचा कपलिंग पहिला, तो मोजून निर्णय. एव्हीसीच्या (स्टेशन जवळचं असो वा लांबचं, आवाज आपोआप सारखा ठेवणाऱ्या) ओळीतला दुसरा, कारण तिथले रेझिस्टर मेगाओहमचे, बारीक गळतीनेही तो ताबा सुटतो. टोन कंट्रोलचा एखादा थोडा गळत असेल तर मी कित्येकदा तसाच सोडतो.

आणि मेन्सच्या तारेपासून चेसिसला जोडलेला एक असतो. तो शॉर्ट झाला तर पूर्ण मेन्स चेसिसवर येतो. तिथे मोजमाप नाही, चर्चा नाही, काढायचा. हवाच असेल तर त्या जागेसाठी बनवलेला वाय वर्गाचाच लावायचा. आवाजात काही फरक पडत नाही.

मध्यमलहरी
निवृत्त आहे, या सेटांबरोबर आयुष्य गेले. एक गोष्ट सुचवतो. इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे अॅल्युमिनियमच्या डब्यातला फिल्टर, लगेच फेकू नये. त्यात अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच अडवणूक करतो. सेट वर्षानुवर्षे पडून राहिला की तो थर झिजतो. एकदम पूर्ण दाब दिला तर करंट वाहतो, डबा तापतो. पण मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज वाढवत नेले तर थर पुन्हा धरतो. आम्ही असे कितीतरी डबे जिवंत केले. तेव्हा नवा डबा मिळायला महिना लागे, आणि घरी लोक विविध भारतीसाठी खोळंबलेले असत.

ओहम_शांती
मध्यमलहरी सर, थर पुन्हा धरतो हे शंभर टक्के खरं. पण वाळलेला द्राव परत येत नाही. रबराच्या बुचातून तो वर्षानुवर्षे उडत असतो. गळती थांबली तरी आतला रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, वाढलेलाच राहतो आणि गुणगुण तशीच. कपॅसिटी आणि ईएसआर दोन्ही ठीक आहेत, फक्त पडून राहिल्याने गळतोय, अशा डब्यालाच तुमचा उपाय लागू पडतो.

उष्णतेचा हिशोबही बघा. ८५ डिग्रीला २००० तास असं लिहिलेला कंडेन्सर, दर १० डिग्री खाली उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. ५५ डिग्रीला १६,००० तास. रोज चार तास धरले तर अकराएक वर्षं. मर्यादा संपली म्हणजे त्याच दिवशी बंद पडतो असं नाही, म्हणून आपले सेट आजही वाजतायत. पण बऱ्याच सेटमध्ये हा डबा नेमका आउटपुट व्हॉल्व्हच्या शेजारी बसवलेला असतो.

मध्यमलहरी
मान्य. ईएसआर मोजायचे यंत्र आमच्या हातात नव्हते, आम्ही डब्याला हात लावून आणि कानाने ठरवत होतो. मोजता येत असेल तर मोजावेच.

जर्सीकर
थोडं अवांतर. आईकडचा रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र) मी न्यू जर्सीला आणला, आणि इथे गुणगुण १२० हर्ट्झची! मेन्स ६० आहे ना. १२० व्होल्टवरून २३० करणारा ट्रान्सफॉर्मर घेतला, रेडिओ मस्त चालला. रेकॉर्ड लावली तर गाणारी बाई घाईत. मोटर फ्रिक्वेन्सीवर फिरते, ३३ ची तबकडी ४० ने फिरत होती. मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली ६० हर्ट्झची बसवल्यावर सूर जागेवर आला. ज्यांना सेट अमेरिकेत आणायचाय त्यांनी आधी एवढं बघा, कंडेन्सर नंतर.

षड्जपंचम
@जर्सीकर, २० टक्के म्हणजे 'सा'चा कोमल गंधार झाला की! ६/५, अगदी नेमका.

पोटभर_पोहे
या धाग्यावर रेडिओ दुरुस्त होईल आणि मला गाणंही येईल.

सिरीजबल्ब
सगळे ज्ञानाचं सांगतायत, मी कामाचं सांगतो. माळ्यावरून काढलेला कुठलाही सेट पहिल्यांदा थेट प्लगला लावू नका. सिरीज बोर्डवर लावा. ६० किंवा १०० वॉटचा पिवळा, तारेचा बल्ब सेटच्या फेजच्या ओळीत. आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि सेट वाचतो. ठीक असेल तर आधी पेटून मग मंद होतो. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे असा बोर्ड नक्की असतो.

आणि सेट बंद केला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये २५०-३०० व्होल्ट थांबू शकतात. प्लग काढल्यावर ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामे (डिस्चार्ज) करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात. स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडून ठिणगी काढायची सवय सोडा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या मेकॅनिककडेच नेणार आहे, त्यांच्याकडे सिरीज बोर्ड आहे हे विचारून घेतलं. त्यांना नेमकं काय मोजायला सांगू? आणि नवे कंडेन्सर कुठून? ते म्हणाले, "मोठ्या व्हॅल्यूचा फिल्टर टाकतो, गुणगुण नावालाही राहणार नाही."

डागवाला
ते मात्र करू देऊ नका. ईझेड८० ला पहिला फिल्टर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरडचा चालतो. त्यापुढे गेलात तर दर लाटेला तो भरायला इतका करंट ओढेल की रेक्टिफायर व्हॉल्व्ह आधी जाईल. मूळ डब्यावर ३२+३२ किंवा ५०+५० लिहिलेलं असेल, तेवढाच टाका. ३२ ऐवजी ३३ चालतो. व्होल्टेज ४५० चा घ्या. १०५ डिग्रीचा मिळाला तर उत्तम.

ईझेड८० च्या जागी कुणी डायोड लावलेत का तेही बघायला सांगा. डायोड असतील तर लावल्या क्षणी पूर्ण दाब येतो, बाकीचे व्हॉल्व्ह तापून करंट ओढेपर्यंत कमी होत नाही. २५० व्होल्ट एसीचे ३५३ होतात. ३५० चा जुना डबा तिथे रोज मार खातो.

मोजायचं असं. ईएल८४ ची २ नंबरची पिन म्हणजे ग्रिड. मीटरची काळी तार चेसिसला, लाल २ नंबरला, सेट तापू द्यायचा. शून्य किंवा थोडं निगेटिव्ह हवं. पॉझिटिव्ह दिसलं तर सेट बंद, फिल्टर डिस्चार्ज, आणि कपलिंगचं ग्रिडकडचं एक टोक सोडवायचं. पुन्हा लावून मोजायचं. शून्यावर आलं तर गुन्हेगार कंडेन्सर. तरीही पॉझिटिव्ह राहिलं तर दोष व्हॉल्व्हमध्येच आहे, कंडेन्सर बदलून उपयोग नाही. हा एक प्रयोग केल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

जुनंतेसोनं
हे पटलं. एक टोक सोडवून बघण्यात सेटचं काही नुकसान नाही. माझी विनंती एवढीच: जे काढाल ते पिशवीत घालून, कुठून काढलं ते लिहून, कॅबिनेटमध्येच ठेवा. फिल्टरचा अॅल्युमिनियमचा डबा जागेवरून उखडू नका, नुसता सर्किटमधून सोडवा. नवे छोटे कंडेन्सर खालच्या बाजूला बसतात. वरून सेट तसाच दिसतो.

डागवाला
@जुनंतेसोनं, हे मी प्रत्येक सेटला करतो. मेणाच्या कंडेन्सरचंही करता येतं: गरम हवेने मेण सैल करून आतलं भेंडोळं काढायचं, त्या नळीत नवा पॉलिएस्टर घालून मेण परत ओतायचं. वेळखाऊ काम आहे, पण दुर्मीळ सेटला शोभतं.

ओहम_शांती
खरेदीचं: मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातली दुकानं. कपलिंगसाठी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या, एका कटिंग चहाच्या किमतीत येतो. परदेशी, हजारांच्या घरातले घेण्याची या रेडिओला काही गरज नाही. न वापरलेला 'जुना स्टॉक' इलेक्ट्रोलिटिक कुणी कौतुकाने दिला तर नको म्हणा, तो दुकानातही वाळतच असतो. आणि मोठ्या नावाचं नुसतं प्लास्टिक चढवलेला नकली मालही फिरतो. त्याच आकड्यांचा, पण शेजारच्यापेक्षा खूपच लहान आणि हलका कंडेन्सर दिसला तर घेऊ नका.

कृष्णाकाठ
कळवायला उशीर झाला. मेकॅनिकनी सगळं समोर बसवून करून दाखवलं, धाग्याच्या प्रिंटवर खुणा करत. २ नंबरच्या पिनवर लावल्यावर थोड्या वेळात ६ व्होल्ट, आणि आवाज फाटायला लागला तेव्हा ११. टोक सोडवलं, शून्य. ते स्वतःच म्हणाले, "मी सगळे बदलले असते, पण कुठला गेला होता ते मला कधी कळलं नसतं."

कपलिंग बदलला. फिल्टर मोजला, एक भाग जवळजवळ संपलेला होता, म्हणून ३३ चे दोन नवे खाली बसवले, डबा जागेवर. ईएल८४ च्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचाही वाळला होता. तो बदलल्यावर खालचा भरीव आवाज परत आला, सासरे लगेच म्हणाले, "तबला आला." मेन्स ते चेसिसचा काढून टाकला. एव्हीसीचा एक बदलला. बाकी सगळे जागेवर. पंचम गेला, खर्ज उरलाय, पण कान लावला तरच. काढलेले पिशवीत.

तासभर चालवला. फाटला नाही.

मध्यमलहरी
आनंद वाटला. पहिले काही दिवस मागचा पुठ्ठा लावण्यापूर्वी ईएल८४ ची प्लेट अंधारात बघा. लालसर दिसता कामा नये.

पोटभर_पोहे
आता तरी फोटो टाका!

कृष्णाकाठ
टाकते. अॅम्प्लिफायरचं राहिलंच की. तो तर ठणठणीत वाजतोय.

ओहम_शांती
तिथे कागद-मेणाचे नसतात, व्होल्टेजही कमी, त्यामुळे घाई नाही. स्पीकर काढून ठेवा. टर्मिनलवर डीसी मोजायला सांगा, गाणं न लावता. दहा-वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. काही मॉडेलमध्ये स्पीकरच्या ओळीत १००० किंवा २२०० मायक्रोफॅरडचा मोठा कंडेन्सर असतो. तो गळायला लागला तर डीसी थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो, म्हणून त्याची गळती नक्की बघा. पॉवर सप्लायच्या दोन मोठ्या डब्यांचं डोकं फुगलंय का, बुडाशी चिकट काही आलंय का, आणि ईएसआर किती, एवढं तपासा. आतमध्ये मण्यांसारखे छोटे टँटलमचे कंडेन्सर असतील तर मी बदलतो, ते जातात तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच जातात. हे सगळं ठीक निघालं तर झाकण लावा आणि वाजवा.

स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (उंच आणि खालचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरकडे पाठवणाऱ्या सर्किटमध्ये) इलेक्ट्रोलिटिक असेल तर मात्र विचारून बदला. तिथे उत्तम फिल्म (पॉलिएस्टरसारखा प्लास्टिकच्या पट्टीचा) कंडेन्सर टाकला की रोध कमी होतो आणि ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, टोचायला लागतो. ओळीत अर्ध्या-एक ओहमचा रेझिस्टर घालून मूळ तोल परत मिळतो.

डागवाला
+१. आणि अॅम्प्लिफायर उघडलाच तर सेलेक्टर स्विच आणि व्हॉल्यूमचे कॉन्टॅक्ट साफ करून घ्या. एका बाजूचा आवाज जातो म्हणून कंडेन्सर बदलायला आलेल्या कितीतरी सेटांत मला तिथली घाणच सापडलीय.